खुंटा हलवून पाहायचा कोणी?

मिरजेच्या सर्जननी मावशीच्या गुडघ्याची एक्स-रे फिल्म लाइटबॉक्सवर लावली आणि पेनाच्या टोकाने एक काळी रेघ दाखवली. कृत्रिम सांध्याच्या, नडगीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या ट्रेखाली, हाड आणि ट्रे चिकटवणारं सिमेंट यांच्या मधे, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. ट्रेच्या बुडातून हाडात उतरणारा आखूड दांडाही किंचित कललेला होता. ‘‘सैल झालाय,’’ ते म्हणाले. ‘‘कुठल्या कंपनीचा सांधा आहे? फाइलीत स्टिकर असतील, बघा.’’

फाइल माझ्याच मांडीवर होती. डिस्चार्ज कार्डावर ‘टोटल नी रिप्लेसमेंट, उजवा’ एवढंच. बिलात ‘इम्प्लांट – १ नग’. पहिलं ऑपरेशन २०१३ चं, दुसऱ्या गावातलं. तिथे फोन केला तर जुनं रेकॉर्ड २०१९ च्या पुरात भिजून गेलं असं सांगितलं. ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. त्या पुरात आमच्या भागातलं काय काय वाहून गेलं याची मोजदाद नाही. सर्जन म्हणाले, ‘‘ठीक आहे. उघडल्यावर कळेल. दोन-तीन कंपन्यांचे सेट मागवून ठेवू.’’

उघडल्यावर कळेल! मी पंचवीस वर्षं भोसरीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी पाहिली. आमच्याकडून गेलेला चारशे रुपयांचा शाफ्ट आठ वर्षांनी एखाद्या ट्रकमध्ये तुटला, तर त्यावरच्या नंबरावरून तो पोलादाच्या कुठल्या हीटमधला, कुठल्या तारखेला कुठल्या पाळीत घासला, त्या दिवशी गेज कोणी लावला, हे अर्ध्या तासात टेबलावर यायचं. नाही आलं तर ग्राहकाचा ऑडिटर आमची सालटी काढायचा. आणि इथे बाईच्या पायात दहा वर्षं बसलेली, दीड लाखाच्या वरची वस्तू कोणाची, हे पाय उघडल्यावर कळणार होतं.

सरकारने गुडघ्याच्या सांध्यांकडे लक्षच दिलं नाही असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने, त्यांचे भाव बांधले. कोबाल्ट-क्रोमचा साधा सांधा सरासरी १ लाख ५८ हजारांना विकला जात होता, तो ५४,७२० वर आणला. रिव्हिजनचा, म्हणजे दुसऱ्यांदा बसवायचा सांधा पावणेतीन लाखांच्या घरात होता, तो १,१३,९५०. त्या निर्णयाला मी तेव्हाही टाळ्या वाजवल्या आणि आजही वाजवीन. पण भाव बांधताना, ही वस्तू हाडात किती वर्षं घट्ट राहते हे मोजायची सक्ती कोणी केली नाही. माझं म्हणणं असं की ते काम भावाच्या बरोबरीचं होतं, कदाचित आधीचं. घट्टपणा हा गुडघ्याच्या सांध्याचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी दिसणारा गुण आहे, आणि तो प्रयोगशाळेत पुरता कळत नाही. तो हजारो माणसांच्या पायांत, वर्षानुवर्षं मोजावा लागतो.

का, ते सांगायचं तर त्या दांड्याकडे नीट पाहायला हवं. सर्जन त्याला स्टेम म्हणतात.

पहिल्या ऑपरेशनमध्ये बहुधा लांब स्टेम लागत नाही. ट्रेखाली चार-पाच सेंटिमीटरचा खुंटा आणि त्याला दोन पंख असतात; बाकी काम हाडाचा वरचा भाग आणि सिमेंट करतं. सांधा सैल होऊन काढावा लागला की मात्र त्याच्याबरोबर हाडही जातं. वरचं हाड स्पंजासारखं जाळीदार. तिथे खड्डे पडतात, कडा झिजतात. मग नव्या ट्रेला आधार द्यायचा कुठे? तर खाली, नडगीच्या मधल्या नळीत, जिथलं हाड कडक आहे तिथे. म्हणून ट्रेला स्टेम जोडायचा आणि तो नळीत उतरवायचा. मांडवाची मेढ पुरताना वरची माती भुसभुशीत लागली की आपण पहारीने आणखी खोल जातो, तसंच.

आता हा स्टेम किती लांब, किती जाड, सिमेंटने चिकटवायचा की ठोकून बसवायचा? इथे घोळ सुरू होतो. १९८४ मध्ये ब्रूक्स, वॉकर आणि स्कॉट यांनी मोजून दाखवलं की ७० मिलिमीटरचा स्टेम उभ्या भारापैकी २३ ते ३८ टक्के भार स्वतःवर घेतो. वाचताना बरं वाटतं. पण स्टेमने घेतलेला भार वरच्या हाडाला मिळत नाही, आणि ज्या हाडाला भार मिळत नाही ते हाड शरीर हळूहळू मोडून खातं. युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच सांगून ठेवलंय की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. म्हणजे आज घट्ट बसावं म्हणून लांब आणि जाड स्टेम घातला, तर पंधरा वर्षांनी ट्रेखालचं हाड विरळ झालेलं सापडू शकतं. आखूड घातला तर ट्रे डुलतो. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर कोबाल्ट-क्रोम हाडापेक्षा दहा-बारा पट ताठ, टायटेनियम त्याच्या निम्मं. आणि दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बारा मिलिमीटरचा स्टेम सोळाचा केला की ताठपणा तिपटीहून जास्त होतो. ऑपरेशनच्या टेबलावर ‘एक नंबर मोठा घालू’ हे वाक्य दोन सेकंदांचं असतं, त्यामागे हे गणित असतं.

ठोकून बसवलेल्या लांब स्टेमचं आणखी एक दुखणं आहे, शब्दशः दुखणं. त्याचं टोक जिथे हाडाला आतून टेकतं तिथे काही रुग्णांना नडगीच्या किंवा मांडीच्या मध्यावर ठसठस होते. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात हे प्रमाण मांडीत सुमारे ११ टक्के आणि नडगीत १४ टक्के निघालं. त्यावर उपाय म्हणून कोणी टोकाला उभी चीर दिली, म्हणजे कपड्याच्या चिमट्यासारखं टोक थोडं दबतं; कोणी टायटेनियम वापरलं; कोणी बाजूला उभ्या धारा दिल्या, पीळ पडू नये म्हणून. सिमेंटवाले म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, आखूड स्टेम सिमेंटमध्ये बसवा, पहिल्या दिवसापासून घट्ट. ठोकणारे म्हणतात, बसवाल हो, पण जंतुसंसर्ग होऊन काढायची वेळ आली की हाड फोडून सिमेंट काढताना कळेल. तिसरे दोन्हींची सांगड घालतात: वर ट्रेखाली सिमेंट, खाली नळीत स्टेम कोरडा. दोन्ही बाजूंचे जाणकार आयुष्यभर आपल्या पद्धतीवर ठाम राहतात. नेदरलँड्समधल्या काहींनी वाद घालण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले आणि सांध्याची हालचाल मोजली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात पूर्ण सिमेंट आणि संमिश्र पद्धत यांच्यात फरक दिसला नाही.

मराठीत ‘खुंटा हलवून बळकट करणे’ असं आपण म्हणतो, मुद्दा घट्ट करण्यासाठी. हाडात हे उलटं आहे. तिथे खुंटा हलला की सैलच होतो, आणि किती हलला तर चालतो याचाही हिशेब आहे. सिमेंटशिवाय बसवलेल्या धातूच्या खडबडीत पृष्ठभागाशेजारी हाड साधारण ५० मायक्रॉनपर्यंतची हालचाल सोसतं आणि धातूत शिरून वाढतं. दीडशेच्या पुढे गेलं की हाडाऐवजी तिथे मऊ तंतुमय थर तयार होतो. दीडशे मायक्रॉन म्हणजे माणसाचे दोन केस शेजारी शेजारी ठेवावेत तेवढं. साध्या एक्स-रेत हे दिसत नाही. मावशीच्या फिल्मवरची दोन मिलिमीटरची रेघ दिसली तेव्हा गोष्ट हाताबाहेर गेलेली होती.

ही हालचाल मोजायची पद्धत मात्र आहे, आणि ती नवी नाही. स्वीडनमध्ये लुंड इथे यॉरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये ती मांडली: हाडात टँटेलम धातूचे मिलिमीटरभराचे मणी टोचून ठेवायचे आणि दोन कोनांतून एकदम एक्स-रे काढायचे. सांधा हाडाच्या तुलनेत किती सरकला हे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपर्यंत कळतं. तिला आरएसए म्हणतात. पुढे २०१२ मध्ये अशा अनेक अभ्यासांची सांगड घालून एक साधी पट्टी निघाली: पहिल्या वर्षात ट्रे अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकला तर ठीक, १.६ च्या पुढे गेला तर ते डिझाइन नापास, मधलं सगळं संशयाचं. हे मी वाचलं तेव्हा मला आमचा, पास की नापास एवढंच सांगणारा गो-नोगो गेज आठवला. म्हणजे पन्नास-साठ रुग्णांत, एक-दोन वर्षांत, एखादा नवा स्टेम पुढे दगा देणार का याचा अंदाज लागू शकतो. आपल्याकडे नवा सांधा बाजारात यायच्या आधी असं काही मागितलं जात नाही.

मागितली जाते ती यंत्रावरची चाचणी. ट्रेची एक बाजू शिकंज्यात धरायची, दुसऱ्या बाजूवर ९०० न्यूटनचा भार द्यायचा आणि काढायचा, एक कोटी वेळा. ट्रे तुटला नाही तर पास. ही चाचणी चांगली आहे. पूर्वी ट्रे खरंच तुटत, आता क्वचित तुटतात. पण ती धातूची परीक्षा आहे. हाडाने त्याला धरून ठेवलं का, हे ती विचारतच नाही. स्टेमच्या पकडीचे प्रयोग होतात ते बहुधा फोमच्या नकली हाडांवर, आणि ती हाडं एकसारखी, निरोगी, मापात बसणारी. साठीतल्या बाईचं हाड तसं नसतं. नडगीची नळी ट्रेच्या बरोबर मध्याखाली नसते, जरा सरकलेली असते. म्हणून सरळ स्टेम घातला की ट्रे एका कडेला ढकलला जातो आणि त्यासाठी बगल दिलेले ऑफसेट जोड बनवावे लागले. आपल्याकडच्या रुग्णांत गुडघे बाहेर वाकलेले, नडगीलाच बाक, मांडीच्या हाडाला पुढे कमान. लांब सरळ स्टेमचं टोक मग हाडाच्या भिंतीला जाऊन भिडतं.

भाराचं म्हणाल तर बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या गटाने रुग्णांना सेन्सर बसवलेले सांधेच घातले आणि आतून मोजलं. सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. मावशी ६८ किलोची. म्हणजे माडीवरून खाली येताना प्रत्येक पायरीला एका गुडघ्यावर सव्वादोनशे किलोंच्या वर.

एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण इंजिनियर म्हणून मला ती फार आवडते. १९५१ मध्ये स्वीडनच्या वॉल्डियस यांनी गुडघ्यासाठी बिजागरी बनवली. वर एक लांब दांडा, खाली एक लांब दांडा, मधे खीळ. दाराच्या बिजागरीइतकी साधी आणि दिसायला भक्कम. पुढची वीस-पंचवीस वर्षं तशाच तऱ्हेच्या अनेक बिजागऱ्या आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच सैल होऊन निघाल्या. दांडे आखूड पडले म्हणून? नाही, दांडे चांगले लांब होते. गुडघा वाकताना थोडा फिरतोही; नुसती उघडझाप करणारा सांधा तो नव्हे. बिजागरीने ते फिरणं अडवलं, आणि अडवलेला पीळ थेट दांड्यावर आणि सिमेंटवर गेला. रोज हजारो पावलं, प्रत्येक पावलाला थोडा पीळ. सांध्यात जे सोडलं नाही ते स्टेमने भोगलं. १९७४ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही हाडांचे पृष्ठभाग सुटे ठेवणारा सांधा आणला आणि लांब दांड्यांची गरजच बहुतेक रुग्णांत संपली. तेव्हा बिजागरी कागदावर चुकीची दिसत नव्हती. पाच-दहा वर्षांनी परत आलेल्या रुग्णांनी ती चूक दाखवली.

अशीच एक चूक आपल्या बसण्याच्या सवयीत लपलेली आहे. पंगतीला मांडी घालायची, शौचाला उकिडवं बसायचं, देवापुढे गुडघे टेकायचे. सांधा बसवून घेणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचा पहिला प्रश्न, ‘‘मांडी घालता येईल का?’’ कंपन्यांनी यावर ‘हाय-फ्लेक्स’ सांधे काढले, जास्त वाकणारे. कोरियातल्या एका गटाने २००७ मध्ये अशा एका डिझाइनचा हिशेब छापला. तिथेही लोक आपल्यासारखेच खाली बसतात. सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांत ७२ गुडघ्यांपैकी २७ मध्ये मांडीच्या हाडावरचा भाग सैल झाला होता, आणि सैल झालेले बहुतेक जण उकिडवं बसणारे, गुडघे टेकणारे होते. गुडघा खोलवर वाकला की त्या भागाची मागची कड ढकलली जाते आणि तो हाडावरून उचलला जातो. त्याला धरून ठेवायला तिथे स्टेम नव्हता. इतर गटांत, खुद्द कोरियातल्याही, याच डिझाइनचे निकाल बरे आले, हेही सांगायला हवं. म्हणजे नुसत्या बसण्याच्या सवयीवर बोट ठेवून भागत नाही.

आता आपल्या २०१७ च्या भावपत्रकाकडे परत या. त्यात सांधे कशावरून वेगळे केले? कोबाल्ट-क्रोम, टायटेनियमसारखे विशेष धातू आणि ‘हाय फ्लेक्सिबिलिटी’. धातूवर भाव आणि लेबलावर भाव. ज्या गुणाबद्दल कोरियात धोक्याची घंटा वाजली होती, त्या गुणाला आपल्या पत्रकात साध्या सांध्याहून पावणेदोन हजार रुपये जास्त. विशेष धातूला वीस-बावीस हजार जास्त. यातला कुठला सांधा भारतीय पायांत दहा वर्षांनी किती टिकला, या प्रश्नाला त्या पत्रकात जागाच नाही. ब्रिटनमध्ये ओडेप नावाची समिती सांध्याला त्याच्यामागे किती वर्षांचा पुरावा आहे त्यावरून श्रेणी देते, पाच वर्षं, सात, दहा, तेरा. बोहारणीकडून भांडं घेताना बाई पितळ की जर्मन हे बघते, गळतंय का तेही बघते. आपण पहिल्यावर थांबलो.

पुरावा कुठून येतो? वहीतून. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. कुठला सांधा, कुठला लॉट, कोणाला, कधी. आणि तो काढावा लागला तर कधी, कशामुळे. एवढंच. यातून काय होतं त्याचं अगदी ताजं उदाहरण ट्रेचंच आहे. नेक्सजेन ही जगभर वापरली जाणारी, नाव कमावलेली मालिका. तिच्यातला एक ट्रे फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडावरच्या, ठरावीक भागाबरोबर वापरला की पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण इतर सांध्यांच्या जवळजवळ दुप्पट दिसतं, हे ब्रिटनच्या नोंदवहीत उघड झालं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये झिमर बायोमेट कंपनीने तो तिथल्या बाजारातून मागे घेतला. असे हजारो ट्रे बसले होते. एकेका सर्जनच्या वाट्याला त्यातले एक-दोनच परत आले असतील. तो म्हणाला असेल, माझंच सिमेंट नीट बसलं नसेल, किंवा बाईंचं वजन जास्त. एकट्याच्या डोळ्यांना हा नमुना दिसणं शक्यच नव्हतं. रुग्णांना शोधून बोलावता आलं, कारण कोणाच्या पायात काय आहे ते लिहिलेलं होतं.

आपल्याकडे काय होतं तेही बघितलंय आपण. खुब्याचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने पकडला आणि तो तिथे २००९ च्या शेवटी, तर जगभरात ऑगस्ट २०१० मध्ये मागे घेण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला, हे आपल्या राज्याच्या खात्यावर चांगलं जमा आहे. पण केंद्राची समिती नेमायला २०१७ उजाडलं, आणि तिचा अहवाल बाहेर आला तेव्हा त्यातले साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण सापडतच नव्हते. नुकसानभरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. द्यायची कोणाला? आमच्या मावशीसारख्याच फायली घेऊन बसलेले असतील ते कुठेतरी, बिलावर ‘इम्प्लांट – १ नग’.

भारतात खुबे-गुडघ्यांच्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे. ती ऐच्छिक आहे, आणि चालवणारे मनापासून चालवतात. पण ऐच्छिक वहीत जो नीट काम करतो तोच नोंद करतो. ज्याचे सांधे परत येतात त्याला वहीची आठवण का यावी? आमच्या कारखान्यातही रिजेक्शनचं रजिस्टर ऐच्छिक ठेवलं असतं, तर आमचं रिजेक्शन शून्य निघालं असतं.

यावर सर्जन मित्रांचं म्हणणं मी ऐकलंय. एकाने फटकन सांगितलं, ‘‘सांधा सैल होतो तो डिझाइनमुळे कमी आणि बसवण्यामुळे जास्त. तीन अंश वाकडा बसवला की जगातला कुठलाही स्टेम काय करणार?’’ खरं आहे. जंतुसंसर्गही खराच, आणि रिव्हिजनच्या कारणांत तो फार वर असतो. पण म्हणूनच मोठी वही लागते. शंभर सर्जनांच्या हातून, शंभर तऱ्हांनी बसलेला एखादा सांधा सगळीकडेच जास्त परत येत असेल तर दोष हातांचा नाही. आणि दोष हातांचाच निघाला, तर तेही कळायला नको का?

दुसरी भीती कोर्टाची. नोंद केली की वकील ती मागवणार. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. डॉक्टरांवर होणारे हल्ले आपण रोज वाचतो. ऑस्ट्रेलियाने नोंदवहीतल्या माहितीला कायद्याचं संरक्षण दिलं आहे, तसं इथेही द्यावं. तिसरं, कामाचा बोजा. इथे मात्र मी जरा हट्टाला पेटतो. सांध्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर बारकोडाचे सुटे स्टिकर येतातच. ते स्कॅन करायला, उजवा की डावा, पहिलं की रिव्हिजन आणि काढला तर का, एवढे चार रकाने भरायला दोन मिनिटं लागतात. रुग्णामागे वीस वर्षं धावायचीही गरज नाही. सांध्याच्या आयुष्यातल्या दोनच नोंदी लागतात, बसला तेव्हाची आणि निघाला तेव्हाची. दुसरी नोंद पहिलीला जोडायला एक कायमचा नंबर हवा. सरकारचा ‘आभा’ हा आरोग्य क्रमांक त्यासाठीच काढलाय ना?

सक्ती कशी करायची हा प्रश्न खरं तर सगळ्यात सोपा आहे, कारण पैसे आता सरकारच देतंय. आयुष्मान भारतमध्ये गुडघेबदल आहे, आणि २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, ते कार्ड मिळतं. गुडघे झिजतात ते याच वयात. स्टिकर चढवल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही असा एक नियम केला की महिन्याभरात गावोगावची रुग्णालयं स्कॅनर घेतील. विमा कंपन्यांनीही तेच करावं. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांत प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची तरतूद आधीच आहे. इम्प्लांटबद्दलच्या तक्रारींसाठी मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम २०१५ पासून आहे. पण तक्रार हा वरचा आकडा झाला; किती बसले हा खालचा आकडा नसेल तर टक्केवारी काढणार कशाची? दहा तक्रारी दहा हजारांत की दोनशेत?

देशी कंपन्यांनी तर यासाठी सगळ्यांच्या पुढे उभं राहायला हवं. वापीपासून राजकोटपर्यंत आता चांगले सांधे बनतात. भाव बांधल्यावर त्यांना संधी मिळाली, तरी परवडणारा रुग्ण अजून दबक्या आवाजात विचारतो, ‘‘इम्पोर्टेड आहे ना?’’ त्याच्या या प्रश्नाला जाहिरात पुरी पडत नाही. दहा वर्षांत आमचे शंभरांतले इतके टिकले, असा छापील आकडा असेल तर पुरी पडेल. आणि आकडा वाईट आला, तर स्टेमची लांबी, टोकाची चीर, ट्रेच्या बुडाचा खरखरीतपणा, यातलं काय बदलायचं हे तरी कळेल. आज ते अंदाजाने बदललं जातं.

मावशीचं ऑपरेशन झालं. आत एका युरोपीय कंपनीचा सांधा निघाला, मागवलेल्या तिन्ही सेटांपैकी एकाही कंपनीचा नाही. ट्रे हाताने उचलला तसा वर आला, असं सर्जननी नंतर सांगितलं. नळी रीमरने कोरत गेले, रीमर कडक हाडाला लागल्यावर आवाज बदलतो तिथे थांबले, आणि चौदा मिलिमीटरचा चिरलेल्या टोकाचा स्टेम ठोकून बसवला, वर सिमेंट. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन ती उभी राहिली आणि पहिलं काय म्हणाली असेल तर, ‘‘चहात साखर कमी हाय.’’

डिस्चार्जच्या दिवशी मी सिस्टरकडे स्टिकर मागितले. ‘‘ते आमच्या फाइलला लागतात.’’ म्हटलं, दोन-दोन असतात, एक-एक द्या. तिने कपाटातून कागद काढला आणि माझ्यासमोर सहा स्टिकर एका कोऱ्या पानावर चिकटवले: फीमर, ट्रे, मधलं प्लॅस्टिक, दोन स्टेम, एक ऑफसेट जोड. प्रत्येकावर लॉट नंबर, मापं, मुदत. मी त्याचा फोटो घेतला, घरी येऊन एक झेरॉक्स काढली. कुठे पाठवायचा म्हणून दोन दिवस शोधत होतो. रुग्णाने स्वतः पाठवावा अशी जागा काही मिळाली नाही.

परवा फोनवर विचारलं, तो कागद नीट ठेवलायस ना? ‘‘हाय की,’’ मावशी म्हणाली, ‘‘रेशनकार्डाच्या पाकिटात, आधारच्या मागं.’’